पोतं अठराशेचं, पण अंडं कितीला पडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागच्या परसात बारा पक्षी आहेत: सव्वा वर्षाच्या सात ग्रामप्रिया (जास्त अंडी देणारी संकरित जात), तीन जुन्या गावरान आणि दोन कोंबडे. सकाळ-संध्याकाळ लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचं तयार भरड खाद्य), दुपारी दोन-तीन तास मोकळं सोडणं, शिवाय घरातलं उरलंसुरलं. पन्नास किलोचं पोतं 1800 रुपयांना पडतं आणि महिन्यात संपतं. अंडी रोज पाच-सहा. दुकानात अंडं सात रुपयांना मिळत असताना आपण तोट्यात आहोत का? मॅश बंद करून घरचा मका आणि शिळी पोळी-भात घातला तर चालेल का? घरीच खाद्य बनवणं परवडेल का? आणि शेजारी अंडी मागतात, त्यांना भाव काय लावायचा?

ताई, तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं झालं. बहुतेक जण नुसतं "खाद्य महाग झालंय" एवढंच सांगतात आणि मग नेमकं काय सांगावं ते कळत नाही. तुमच्याच आकड्यांपासून सुरुवात करू.

रोज साडेपाच अंडी धरली तर महिन्याला 165. अठराशे भागिले 165 म्हणजे अंड्यामागे जवळपास अकरा रुपये नुसत्या खाद्याचे. हे जास्त आहे. पण त्याचा दोष लगेच मॅशवर टाकू नका. आधी बघा, तुमचे पक्षी पन्नास किलो खाऊ शकतात का?

ग्रामप्रियासारखी मध्यम अंगाची, अंड्यावर असलेली कोंबडी दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाते. गावरान अंगाने लहान, तिला 80-90 ग्रॅम पुरतं. मोठा कोंबडा 120 ग्रॅमच्या आसपास. सात ग्रामप्रियांचे 805, तीन गावरानींचे 255, दोन कोंबड्यांचे 240. एकूण रोजचे 1300 ग्रॅम, महिन्याचे 39 किलो. तेही दिवसभर कोंडून ठेवून मॅशशिवाय काहीच दिलं नाही तर. तुमचे पक्षी तर बाहेर चरतात, पोळी-भातही खातात. म्हणजे महिन्याला निदान अकरा किलो मॅश कोंबड्यांच्या पोटात जातच नाही. छत्तीस रुपये किलोने ते चारशे रुपये झाले. आधी ते शोधायचे, मग खाद्य बदलायचा विचार.

एक दिवस सकाळी मॅश टाकल्यावर पाच मिनिटं खाली बसून नुसतं बघा. कोंबडी चोच खुपसते, डावी-उजवीकडे झटका देते आणि मक्याचे पिवळे तुकडे निवडून खाते. प्रत्येक झटक्यासरशी थोडी भुकटी भांड्याबाहेर उडते. भांडं काठोकाठ भरलेलं असेल तर हे सांडणं कितीतरी पटींनी वाढतं. जमिनीवर पडलेलं नंतर टिपून खातील असं आपल्याला वाटतं, पण भुकटी मातीत आणि विष्ठेत मिसळली की ती गेली. म्हणून भांडं तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कधीच भरायचं नाही आणि त्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला यायला हवा. दोन विटांवर ठेवलं तरी काम होतं. काठ आत वळलेला असेल तर आणखी उत्तम. चार इंची पीव्हीसी पाइप आणि एल्बो लावून केलेलं भांडं बरेच जण वापरतात. ते चांगलं आहे, फक्त तोंड फार रुंद ठेवू नका आणि पावसाची झड लागणार नाही अशा जागी बांधा.

भांड्याच्या तळाशी जी बारीक पांढुरकी पूड उरते ती फेकून त्यावर नवी मॅश ओतायची सवय अनेक घरांत आहे. जीवनसत्त्वं, खनिजं, मिथिओनिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक), चुनखडीचा बारीक भाग असं सगळं महागाचं त्या पुडीतच बसलेलं असतं. दुपारी तीन-चारच्या सुमारास तिच्यावर पाण्याचा हबका मारून ओलसर गोळा होईल इतपत कालवा आणि तीच खायला लावा. कोंबड्या ओली मॅश आवडीने खातात. भांडं संध्याकाळपर्यंत चाटूनपुसून रिकामं झालं पाहिजे. ओलं केलेलं रात्रभर ठेवायचं नाही, आंबतं आणि बुरशी धरतं.

भांडं रिकामं करण्याचं दुसरं कारण म्हणजे उंदीर. एक उंदीर रात्रीत वीस-पंचवीस ग्रॅम खातो, घुशीचं विचारूच नका. दहा उंदीर म्हणजे महिन्याला सहा-सात किलो. त्यांच्या लेंड्या आणि मूत खाद्यात पडतं ते वेगळंच. खाद्य रात्री पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात किंवा जुन्या पिंपात गेलं पाहिजे. सकाळी चिमण्या, कावळे, साळुंक्या येत असतील तर मॅश उघड्या अंगणात न ठेवता खुराड्याच्या आत ठेवा. तुमची अकरा किलो मॅश बहुतेक इथेच सापडेल. खात्री करायची असेल तर आठवडाभर सकाळी तोलून घाला, रात्री उरलेली तोला आणि वहीत लिहा. भाजी तोलायचा काटा पुरतो.

आता पक्ष्यांकडे वळू. बारापैकी दोन कोंबडे. अंडं देण्यासाठी कोंबडीला कोंबडा लागत नाही. पिल्लं काढायची असतील तरच लागतो आणि आठ-दहा माद्यांमागे एक पुरतो. एक कोंबडा महिन्याला साडेतीन किलोच्या वर खातो, म्हणजे सव्वाशे रुपये. दुसरा कोंबडा सणाला किंवा बाजाराला गेलेला बरा. पिल्लं काढायचा विचार असेल तर एक ध्यानात ठेवा. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेली संकरित जात आहे. तिचीच अंडी उबवून काढलेल्या पिल्लांत आईइतकी अंडी देण्याचा गुण टिकत नाही. नवी पिल्लं घ्यायची तर शासनाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांतून घ्या. खडकी, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे ती आहेत. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) गटाच्या योजनेची चौकशीही करा. त्यात 25 तलंगा आणि तीन नर असा गट अनुदानावर देतात. तुमच्या परसाला एवढे जास्त होतील, पण दोन-तीन घरांनी मिळून वाटून घेता येतात.

मग प्रश्न येतो अंडी कोण देतंय याचा. सातही ग्रामप्रिया देताहेत असं धरून चालू नका, हात लावून बघा. संध्याकाळी कोंबड्या आत शिरल्यावर एकेक काखेत धरा आणि शेपटीखाली, अंडं बाहेर पडतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना असलेली टोकदार हाडं बोटांनी चाचपा. दोन हाडांच्या मध्ये दोन-तीन बोटं सहज मावत असतील, जागा ओलसर, मऊ आणि मोठी असेल तर ती कोंबडी अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट मावत असेल, हाडं ताठ लागत असतील आणि जागा सुकलेली, आवळलेली असेल तर ती सध्या देत नाही. तुरा लाल आणि गरम आहे की फिकट, सुरकुतलेला, हेही बघा. एकदा हाताला सवय झाली की एका कोंबडीला अर्धं मिनिटही लागत नाही. पायात रंगीत दोरा बांधून महिन्याच्या अंतराने दोन-तीनदा तपासा. न देणारी कोंबडी पिसं झडण्याच्या काळात असेल किंवा खुडूक (अंडी उबवायला बसलेली) असेल तर थांबा, ती पुन्हा सुरू होईल. यातलं काहीच नसताना सलग बंद असेल तर ती नुसती खाते आहे.

तीन गावरानींचा विषय वेगळा आहे आणि यावर माझं मत ठाम आहे. गावरान कोंबडी वर्षाला साठ ते नव्वद अंडी देते. मधेमधे खुडूक बसते, पिल्लं सांभाळते. तिला कोंडून पूर्ण पोट मॅशवर पोसणं हा परसातला सगळ्यात महागडा प्रकार. रोजचे 85 ग्रॅम म्हणजे तीन रुपये, वर्षाचे अकराशे. सत्तर अंड्यांनी भागा, अंडं सोळा रुपयांच्या जवळ जातं. तीच कोंबडी दिवसभर उकिरडा उकरत, गवताचं बी, किडे, मुंग्या, गांडुळं टिपत फिरली आणि संध्याकाळी मूठभर दाण्यावर आत आली, तर तिचं अंडं पाच रुपयांच्या आसपास पडतं. ती त्यासाठीच घडलेली जात आहे. तिला फिरू द्या. ग्रामप्रियाही चरते, पण तिच्याकडून आपल्याला अंडी जास्त हवीत आणि ती नुसत्या चरण्यावर निघत नाहीत. एकाच भांड्यातून सगळ्यांना सारखं घालणं इथेच चुकतं. मॅशच्या वेळी गावरानी बाहेर आणि ग्रामप्रिया आत, एवढं जरी जमलं तरी फरक दिसतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न: मॅश बंद करून मका घालू का? नको. कारण आकड्यांतच दिसेल.

115 ग्रॅम लेयर मॅशमध्ये साधारण 17 टक्के प्रथिनं धरली तर कोंबडीला साडेएकोणीस ग्रॅम मिळतात. तेवढ्याच वजनाच्या मक्यातून मिळतात दहा ग्रॅम. एका अंड्यात साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि कोंबडी खाल्लेल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून कमीच अंड्यात उतरवू शकते. त्यात स्वतःचं शरीर सांभाळायचं आहेच. म्हणजे एका अंड्यासाठी तिला दिवसाला पंधरा-सोळा ग्रॅम लागतात. दहा ग्रॅममध्ये ती रोज अंडं देऊच शकत नाही. शिवाय मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि मिथिओनिन कमी, त्यामुळे ते दहाही पुरते कामी येत नाहीत.

कॅल्शियमचं तर त्याहून वाईट. एका कवचात दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. त्यासाठी कोंबडीने दिवसाला चार ग्रॅम खायला हवं, म्हणून लेयर मॅशमध्ये साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घातलेलं असतं. मक्यात ते जवळजवळ नाहीच. सुरुवातीचे काही दिवस कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते आणि आपल्याला वाटतं, मक्यावरही चाललंय की! मग पातळ कवचाची अंडी येतात, एखादं बिनकवचाचं पडतं, कोंबडी पायात लंगडते आणि अंडी थांबतात. तोवर पंधरा-वीस दिवस गेलेले असतात, त्यामुळे बहुतेकांना कारणही लक्षात येत नाही.

तेव्हा मका घालायचा तर मॅशऐवजी नाही, मॅशच्या जोडीला. सकाळी मॅश, संध्याकाळी आत घेताना अंगामागे पंधरा-वीस ग्रॅम भरडा किंवा ज्वारी-बाजरी. पाचामागे एक भाग धान्य, त्यापुढे नाही. थंडीत ते थोडं वाढवलं तरी चालतं. दाणे सकाळी आधी टाकू नका, दाण्यांनी पोट भरलं की मॅशला तोंड लावत नाहीत. आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा. कोकणात कालवं, तिसऱ्या यांची टरफलं फुकट मिळतात. घाटावर चुनखडीची बारीक खडी आणा, किंवा घरातली अंड्याची टरफलं तव्यावर भाजून कुटून ठेवा. ज्वारीएवढे तुकडे हवेत, पीठ नको. कवच रात्री तयार होतं, तेव्हा पोटात सावकाश विरघळणारे तुकडेच उपयोगी पडतात. अंडं देणारी कोंबडी स्वतःहून तेवढं टिपते, कोंबडा ढुंकूनही बघत नाही.

उरलंसुरलं घालायला माझी हरकत नाही, पण त्याला खाद्य समजू नका. शिजलेल्या भातात सत्तर टक्के पाणी. साठ ग्रॅम भात खाऊन कोंबडीचं पोट भरतं, पण आत जातं अठरा ग्रॅम अन्न, त्यातही प्रथिनं दीड ग्रॅमच्या आसपास. त्या दिवशी तिने मॅश कमी खाल्ली की पैसे वाचल्यासारखे वाटतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी घटतात. घालायचंच तर दुपारनंतर घाला, पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढंच. पोळी भिजवून कुस्करा, भाजीची देठं आणि पालेभाजीचा कचरा बारीक चिरा. लोणचं, पापड, फरसाण, खारवलेली मासळी बाजूला काढा. कोंबडीला खाद्यात मीठ लागतं ते शेकडा पाव-अर्धा टक्का, मीठ फार वाढलं तर तिला मारक ठरतं. हिरवट बटाट्याच्या साली, कच्ची डाळ, कच्चं सोयाबीन हेही नको. सोयाबीन घालायचं तर भाजूनच, कच्च्यातल्या एका घटकामुळे प्रथिनं पचत नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही. "मका काळा पडलाय, माणसाला नको, कोंबड्यांना घाला." असं करू नका! मका नीट वाळला नाही किंवा पावसात भिजला की त्यावर बुरशी चढते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. भुईमुगाच्या पेंडीतही तेच. ते धुऊन जात नाही, भाजून जात नाही, आणि वरची बुरशी झटकली तरी आत राहतं. कोंबडीचं यकृत खराब होतं, अंडी घटतात, लस टोचूनही रोग उलटतात. असा मका कंपोस्टात टाका. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा डीडीजीएस नावाचा भुसा अलीकडे स्वस्तात विकायला येतो. तो मुळात वाईट नाही, पण मूळ मक्यात विष असेल तर या भुशात ते तिपटीच्या घरात जातं. कोणत्या कारखान्याचा, तपासलेला आहे का, हे माहीत नसताना सुट्टा घेऊ नका.

मॅश एवढी महाग का झाली याचं उत्तरही बरंचसं त्याच इथेनॉलमध्ये आहे. पूर्वी मक्याचा मोठा गिऱ्हाईक कोंबडीच होती. 2023-24 पासून इथेनॉलसाठी मका मोठ्या प्रमाणावर जायला लागला. हमीभावही 2024-25 मधल्या 2225 रुपये क्विंटलवरून 2025-26 साठी 2400 वर गेला. मका पिकवणाऱ्याला त्यात चार पैसे मिळतात याचा मला आनंद आहे. आपण मात्र मॅशचा भाव जुन्या पातळीवर येईल अशी वाट बघत बसू नये.

घरी खाद्य बनवण्याचं सांगतो. पन्नास किलोला माझं नेहमीचं प्रमाण असं: मक्याचा भरडा 27 किलो, सोया पेंड 11 किलो, तांदळाचा कोंडा साडेसहा किलो, चुनखडीचा चुरा साडेचार किलो, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) 600 ग्रॅम, मीठ 150 ग्रॅम, जीवनसत्त्व-खनिजांचं प्रीमिक्स आणि मिथिओनिन मिळून 250 ग्रॅम. यातून साधारण साडेसोळा टक्के प्रथिनं आणि साडेतीनच्या वर कॅल्शियम मिळतं. मका 25, सोया पेंड 45, कोंडा 22 रुपये किलो धरून दळणासकट सगळं पंधराशेच्या आसपास जातं. हे भाव माझ्या भागातले, तुमच्याकडचे घालून बघा.

म्हणजे पोत्यामागे तीनशे रुपये वाचले. त्यासाठी चार दुकानं फिरायची, प्रीमिक्स किमान किलोभर घ्यायचं, ते अर्धं पडून राहणार, आणि मिसळताना प्रीमिक्स एका कोपऱ्यात राहिलं तर सगळंच फुकट. प्रीमिक्स आधी दोन किलो भरड्यात, मग दहा किलोत आणि शेवटी सगळ्यात असं टप्प्याटप्प्याने मिसळावं लागतं. माझ्या मते पंचवीस-तीस कोंबड्यांच्या खाली हा खटाटोप करू नये. तुमच्या घरचाच मका असेल तर मधला मार्ग घ्या: लेयर कॉन्सन्ट्रेट (मका सोडून बाकीच्या घटकांचं तयार मिश्रण) आणायचं आणि पोत्यावर छापलेल्या प्रमाणात घरचा भरडा मिसळायचा. काही कॉन्सन्ट्रेटमध्ये चुनखडी वेगळी घालावी लागते, ते छापलेलं वाचूनच घ्या. सरकी पेंड स्वस्त मिळते म्हणून घालू नका, तिच्यामुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो. सुकट घालायची तर थोडीच. जास्त झाली की अंड्याला वास येतो आणि गिऱ्हाईक परत फिरकत नाही.

अझोला या पाण्यावर वाढणाऱ्या हिरव्या वनस्पतीबद्दल पुष्कळ जण विचारतात, तुम्हीही करून बघणार असाल. ताज्या अझोलात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. शंभर ग्रॅम ताजा अझोला खाल्ला तर आत जातं सहा-सात ग्रॅम सुकं अन्न, त्यात प्रथिनं दीड ग्रॅम. तेवढ्यावर खाद्याचा खर्च निम्मा होतो हे खरं नाही. बलक छान केशरी होतो, कोंबड्यांना हिरवं मिळतं, म्हणून जरूर घाला. सावलीत वाळवलेला शेवग्याचा पाला मला त्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतो. त्यात सुक्या वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढी प्रथिनं असतात आणि शेवगा बहुतेक परसांत असतोच. चुरून मॅशमध्ये शेकडा पाचपर्यंत मिसळा.

फुकटातलं उत्तम प्रथिन हवं असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर मिळतं. वळवाचा पाऊस पडून गेला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. झाडाखाली दिवा लावून त्याखाली पाण्याचं घमेलं ठेवा. पिकांसाठी सापळा लावताना त्या पाण्यात रॉकेल टाकतात, तुम्ही नुसतं पाणीच ठेवा. सकाळी तो घमेल्यातला माल कोंबड्यांपुढे ओता आणि त्यांची झुंबड बघा. ऊस-भुईमुगाचं वाटोळं करणारी कीड कमी होते, ते शेताचंही काम. शेणखताचा ढीग हलवताना निघणाऱ्या पांढऱ्या अळ्याही अशाच. फक्त ज्या रानात नुकतंच कीटकनाशक टाकलंय तिथले किडे घालू नका आणि तिथे कोंबड्या सोडूही नका.

पोत्याची साठवण सोपी आहे. लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब, तोंड बांधून. पावसाळ्यात एका महिन्यात संपेल त्यापेक्षा जास्त आणू नका. वाटल्यास शेजारच्या घराशी पोतं अर्धं-अर्धं करा. हातात घेऊन वास घ्या, कुबट लागली किंवा गुठळी झाली तर परत करा. जंताचं औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर द्या, जंत असलेल्या कोंबडीला खाल्लेलं अंगी लागत नाही. मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीत कंजूषपणा नको. पाणी खाद्याच्या दुप्पट लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त, सावलीत आणि मातीच्या भांड्यात ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी कोंबड्या खातच नाहीत, तेव्हा मॅश पहाटे आणि दिवस कलल्यावर द्यावी.

हे सगळं केलंत तर नवा हिशेब असा बसेल. सात ग्रामप्रियांना मॅश 105 ग्रॅम, एका कोंबड्याला 85, मिळून महिन्याला साधारण 25 किलो, नऊशेच्या आत. गावरानींना संध्याकाळचे दाणे, नव्वद रुपये. ग्रामप्रियांच्या वाट्याचे मूठभर दाणे आणि शिंपले धरून सगळं एक हजार ते अकराशे. आजच्या 165 अंड्यांत भागलं तर अंड्यामागे साडेसहा.

पण महिन्याच्या हिशेबावर थांबू नका, तो फसवतो. तुमच्या ग्रामप्रिया सध्या भरात आहेत. पिसं झडायला लागली की दोन-अडीच महिने अंडी जवळपास बंद आणि खाणं चालू. डिसेंबर-जानेवारीत दिवस अकरा तासांवर येतो, तेव्हाही अंडी घटतात. पहाटे एक लहान एलईडी दिवा लावून उजेड चौदा तासांपर्यंत नेला तर ती घट कमी होते. परसातली ग्रामप्रिया वर्षाला 160 ते 180 अंडी देते. सातजणींची बाराशेच्या आसपास, गावरानींची दोनशे, मिळून चौदाशे. साडेबारा हजारांचं खाद्य चौदाशे अंड्यांत भागलं तर नऊ रुपयांच्या आसपास पडतात. आज चालली आहे तशी मॅश जात राहिली असती तर हाच आकडा पंधराच्या वर गेला असता.

शिवाय तलंग अंड्यावर येईपर्यंत, म्हणजे पाच-साडेपाच महिन्यांत, सात-आठ किलो खाद्य खाऊन बसलेली असते. पिल्लाची किंमत आणि लसी धरून साडेतीनशे रुपये होतात. दीड वर्षाच्या अंड्यांवर ते वाटले आणि शेवटी कोंबडी विकून आलेले वजा केले तरी, मर धरून, अंड्यामागे रुपया येतोच. म्हणजे तुमचं अंडं खरं दहा रुपयांना पडतं.

दुकानातलं सात रुपयांचं अंडं येतं मोठ्या फार्मवरच्या बीव्ही-300 सारख्या संकरित कोंबडीचं. ती वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, चाळीस किलो खाद्यात, आणि ते खाद्य ट्रकने घेतलेलं असतं. तिच्या भावाशी परसातल्या कोंबडीने बरोबरी करायची नसते. तुमचं अंडं फिरत्या कोंबडीचं, तपकिरी कवचाचं, आदल्या दिवशीचं. त्याची तुलना बाजारात गावरान म्हणून बारा-पंधराला विकल्या जाणाऱ्या अंड्याशी करा. शेजाऱ्यांना बारा रुपये लावा. गावरानींची अंडी वेगळी काढून पंधराला द्या. घरात खाल्लेली अंडीही त्याच वहीत त्याच भावाने लिहा, म्हणजे वर्षाअखेरीस कोंबड्यांनी घरात किती आणलं ते तुम्हाला आणि घरच्यांना स्पष्ट दिसेल.